खाली मेंढ्या, वर माणसं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घराचे फोटो मी तीनदा पाहिले, मग काकांना हाक मारून दोघांनी मिळून पुन्हा पाहिले. बाहेरून चढणारा दगडी जिना, वर दोन खांबांवरची छपरी आणि जिन्याच्या कडेला ते कमानीचं बुटकं दार. चौदा वर्षांपूर्वी आम्ही तुलूजहून दीड तास गाडी चालवत फ्रान्सच्या या लॉत जिल्ह्यात आलो तेव्हा अगदी असंच घर समोर उभं होतं आणि आम्हीही गाडीतून उतरायच्या आधीच हो म्हणून बसलो होतो. त्यामुळे 'घेऊ नका' असं माझ्या तोंडून यायचं नाही. तुझा प्रश्न मात्र नेमका आहे: घर आधी पुरं करायचं की जनावरं आधी आणायची? चार वर्षांच्या लेकीला मेंढ्या आजच हव्यात आणि नवरा म्हणतो आधी छप्पर, आधी न्हाणीघर, बाकीचं मग.

याचं उत्तर देण्याआधी मला एवढंच विचारायचंय की हे घर मुळात कुणासाठी बांधलं होतं, ते तुम्ही दोघांनी पाहिलंत का?

जिन्यावरच्या त्या छपरीला इथे 'बोले' म्हणतात. केर्सी भागातल्या जुन्या शेतघराची ती ओळखच आहे. आपल्याकडे ओटीवर बसतात तसं लोक बोलेवर बसायचे, अक्रोड फोडायचे, शेंगा सोलायचे. माणसं वरच्या मजल्यावर राहायची. खाली त्या बुटक्या दारातून मेंढ्या आत जायच्या, नाहीतर तिथे वाइनची पिंपं असायची. थंडीत मेंढ्यांच्या अंगाची ऊब फळ्यांच्या फटींतून वर यायची. तू पत्रात ज्याला 'तळघर' म्हटलंयस आणि जिथे तुला मोठं स्वयंपाकघर करायचंय, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मेंढवाडा आहे. फोटोत डाव्या कोपऱ्यात भिंतीला लागून दगडी गव्हाण दिसते बघ. ती काढू नकोस.

आम्ही काढली होती. पहिल्याच उन्हाळ्यात. ती आणि आणखी बरंच काही. खालच्या भिंती ओबडधोबड दिसत होत्या, म्हणून एका गवंड्याला बोलावलं. त्याने आठवडाभरात सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारून दिला. काय सरळ, काय गुळगुळीत दिसल्या भिंती! दुसऱ्या हिवाळ्यात गिलाव्याला फुगे आले आणि मार्चमध्ये हाताएवढे पापुद्रे खाली पडायला लागले. मागे पांढरी बुरशीसारखी लव. मी बोट लावून जिभेवर ठेवलं तर गार आणि खारट. माणमध्ये आमच्या आजोळच्या गोठ्याची भिंत अशीच व्हायची. आजी म्हणायची, भिंतीला लोणा लागलाय.

हे नीट समजून घे, कारण तुझ्याही घरात हेच आहे. मेंढ्यांचं मूत आणि लेंड्या वर्षानुवर्षं जमिनीत मुरतात, त्यातून सोरा तयार होतो आणि ओलीबरोबर तो भिंतीत चढतो. इथले लोक त्याला 'साल्पेत्र' म्हणतात. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, 1793-94 मध्ये, बंदुकीच्या दारूसाठी सोरा कमी पडला तेव्हा सरकारने लोकांना तळघरं आणि गोठे खरवडायला लावले होते, इतका तो या भिंतींमध्ये असतो. हा क्षार हवेतली ओल ओढतो. भिंत सुकली की त्याचे खडे होतात, खडे फुगतात आणि वरचा थर लोटून देतात. सिमेंट श्वास घेत नाही, त्यामुळे ओल आत कोंडते आणि सगळा जोर गिलाव्यावर येतो. साठ सेंटीमीटर जाडीची, चुना आणि लाल मातीत रचलेली चुनखडीची भिंत सिमेंटने बंद करणं म्हणजे घामेजल्या माणसाला प्लॅस्टिकचा कोट घालणं.

मग करायचं काय? सिमेंट असेल तर छिन्नीने काढायचं, हळूहळू. भिंत धुवायची नाही, नाहीतर क्षार पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडायची आणि झाडलेलं बाहेर नेऊन टाकायचं. दारं-खिडक्या उघड्या ठेवून एक अख्खा उन्हाळा वारा खेळू द्यायचा. मग चुन्याचा एक मऊ, पातळ थर द्यायचा, तो टिकवायला नव्हे, वाया घालवायला. क्षार त्या थरात येतो. वर्ष-दीड वर्षाने तो खरवडून टाकायचा आणि पुन्हा द्यायचा. आमच्या भिंतीला असे तीन थर लागले. पोत्यावर एनएचएल अशी अक्षरं आणि पुढे 2, 3.5 किंवा 5 असा आकडा असतो. आकडा वाढला की चुना कडक. आपल्या मऊ दगडाला 2 किंवा 3.5 पुरतो. पारा पाचच्या खाली असताना चुन्याला हात लावू नकोस, तिशीच्या वर गेला तरी नको. आणि चुना कालवत असताना कुत्रं आणि लेक दोघांनाही कुंपणापलीकडे ठेव. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. पाण्याने भरलेली बादली आणि स्वच्छ फडकं हाताशी ठेवल्याशिवाय काका आजही पोतं उघडत नाहीत.

स्वयंपाकघर आम्ही शेवटी वरच केलं. खाली पुन्हा मेंढ्या आल्या. गव्हाणीचे दगड मागच्या अंगणात पडले होते, ते एकेक करून काका आणि आमच्या थोरल्याने परत जागेवर बसवले.

तेव्हा माझं उत्तर असं की पहिलं वर्ष काहीही फोडू नका. छप्पर गळत असेल तर गळती थांबवा, एक खोली उबदार करा, न्हाणीघर चालतं करा आणि थांबा. पाऊस पडल्यावर पाणी कुठून येतं आणि कुठे नाहीसं होतं ते बघा. इथे जमिनीखाली सगळी चुनखडी आहे, भेगांची, पोकळ. पाऊस पडतो आणि तासाभरात दिसेनासा होतो. ओढा नाही, विहीर क्वचित. माणदेशात वाढलेल्या मला या कोसवर, म्हणजे चुनखडीच्या पठारावर, पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं ते यामुळे: खडक, खुरटी झाडं, मेंढ्या आणि पाण्याची चिंता. इथे माळावर खडकात खोदलेली छोटी तळी दिसतील. त्यांना 'सां नांफेजची तळी' म्हणतात. एका साधूने ती मेंढपाळांसाठी खोदली अशी कथा आहे. जुन्या घरांत छपराचं पाणी साठवायचं दगडी टाकं असतं, तुमच्याकडेही असेलच, परसात झाकण शोधा. नळ आहे म्हणून टाकं बुजवू नका. दूध पाजणारी मेंढी उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा लिटर पाणी पिते, आणि कोरड्या वर्षी नळाच्या पाण्यावर निर्बंध येतात.

या पहिल्या वर्षात करायचं मोठं काम एकच, कुंपण. भिंतींआधी कुंपण. खांब चेस्टनटचे किंवा अकेशियाचे घ्या, बाकीचं लाकूड चार-पाच वर्षांत कुजतं. जुन्या रचलेल्या दगडी बांधांवर विसंबू नका. त्यावरून मेंढी सहज उडी मारते आणि रानडुक्कर तर बांधच पाडतं. कुंपण पूर्ण, पाणी पोचलेलं, गवत साठवायला कोरडी जागा, आणि मेंढीवर उपचार करणारा डॉक्टर फोनवर बोललेला: या चार गोष्टी झाल्या की जनावरं आणा, मग घरात प्लग लागलेले नसले तरी चालेल. डॉक्टरचं मुद्दाम सांगते. इथे पुष्कळ डॉक्टर आता फक्त कुत्री-मांजरं बघतात. आमची पहिली मेंढी अडली त्या रात्री मी तीन नंबर फिरवले आणि तिघांनीही नम्रपणे नाही म्हटलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. एकच मेंढी किंवा एकच बकरी पाळलीत तरी जिल्ह्याच्या पशुपालन कार्यालयाकडून क्रमांक घ्यावा लागतो आणि जनावराच्या दोन्ही कानांत बिल्ले लागतात. शोभेची, लेकीच्या हौसेची, असा वेगळा प्रकार नाही. गाढव घेतलंत तर त्याला चिप आणि त्याचं पारपत्र. शिवाय गाढव, कुत्रं किंवा मांजर घेण्याआधी एक प्रतिज्ञापत्र सही करावं लागतं. घराच्या सांडपाण्याच्या टाकीची तपासणी विक्रीच्या वेळी होते आणि ती नापास असेल तर दुरुस्तीला खरेदीनंतर एक वर्ष मिळतं, ते खर्चात धरा. मेंढवाड्याला नवी खिडकी पाडायची म्हटली तरी आधी मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, अर्ज. आणि काम देताना कारागिराकडे दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद मागा. आम्ही त्या गवंड्याकडे मागितला नव्हता.

आता एक गोष्ट सांगते ती मला अजून सांगवत नाही, पण तुझ्याकडे मांजर आहे म्हणून सांगायलाच हवी. तुळयांना भुंगा लागला होता. लाकडावर फवारणी करणाऱ्याला बोलावलं. त्याने विचारलं, लहान मुलं आहेत का? आम्ही म्हटलं, दोन दिवस मैत्रिणीकडे ठेवू. मांजराचं त्याने विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. आमची मांजर दुसऱ्या दिवशी माळ्यावरून उतरली ती थरथरतच. त्या औषधात परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला सोसत नाही, तिचं यकृत ते मोडू शकत नाही. तीन दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. आमची धाकटी तेव्हा सहा वर्षांची, तिने तीन दिवस मांजराच्या टोपलीशेजारी गादी टाकली होती. तेव्हा फवारणी, रंग, जुन्या दारांची घासणी, जे काही कराल त्याआधी घरातल्या प्रत्येक जिवाचं नाव घेऊन विचारा: याला चालेल का? 1949 च्या आधीच्या घरात जुन्या रंगात शिसं असायची शक्यता धरूनच चालायचं. तो रंग कोरडा घासला की धूळ होते, ती कोंबड्या टिपतात आणि अंड्यांतून ती तुमच्याच ताटात येते. कोठारावर नालीदार राखाडी पत्रे असतील तर ते फोडू नका. अ‍ॅस्बेस्टॉसवर इथे 1997 पासून बंदी आहे, पण जुने पत्रे अजून जागोजाग आहेत.

आणि जी जनावरं तुमची नाहीत त्यांचंही घर तेच आहे. फोटोत कोठाराच्या तुळईला मातीच्या वाट्या दिसतात, ती पाकोळ्यांची घरटी. मार्च-एप्रिलमध्ये पाकोळ्या आफ्रिकेहून येतील, त्याच घरट्यात. घरटं पाडणं हा इथे गुन्हा आहे, वटवाघळांनाही तेच संरक्षण आहे. आमचं छप्पर मेमध्ये उघडायचं ठरलं होतं, सुतारही मिळाला होता. काकांनी शिडीवरून डोकावून पाहिलं तर पाच पिवळ्या चोची. काम ऑक्टोबरवर गेलं आणि सुतार दुसरीकडे गेला, एक हिवाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. मला त्याचं वाईट वाटत नाही. सप्टेंबरमध्ये तारेवर त्या रांगेने बसतात आणि एका सकाळी एकही नसते, हे मुलांनी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही छपराचं काम मुळातच शरदात धरा.

कोंबड्या आधी आणा, मेंढ्यांच्या वर्षभर आधी. चार पुरेत. संध्याकाळी दार लावणं हे लेकीचं काम ठरवा, पण तिच्यामागून कुणीतरी मोठ्याने दाराला हात लावून बघायचा, रोज, न चुकता. इथे कोल्हा आहे आणि 'फ्विन' नावाचं एक लांबट, मांजराएवढं जनावर आहे. मुठीएवढ्या भोकातून ते आत शिरतं आणि खायला एक हवी असली तरी दिसेल तेवढ्या मारतं. आमच्या नऊ कोंबड्या एका रात्रीत गेल्या. दार लावायची पाळी थोरल्याची होती. तो काही बोलला नाही, सकाळी एकटाच सगळं आवरलं त्याने. दहा वर्षांचं पोर. त्याला रागावले नाही, पण मोठ्या माणसाने दाराला हात लावून बघायचा तो नियम तेव्हापासूनचा. चूक त्याची नव्हती, एवढ्याशा पोरावर नऊ जिवांचा भार आम्ही टाकला होता.

मेंढ्या घेशील तर इथल्याच घे, लॉतच्या कोसनार्द. पांढऱ्याशुभ्र अंगावर डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि काळे कान. चष्मा लावून वर्गात बसलेल्या बाई दिसतात अगदी. या खडकावर, या काटक्या-कुटक्यांवर जगायची त्यांना पिढ्यांची सवय आहे. हिरव्या कुरणातली भारी जात आणलीस तर तिला वर्षभर विकतचं गवत घालावं लागेल. तीनपेक्षा कमी घेऊ नकोस. एकटी मेंढी झुरते. गाढवाचंही तसंच, त्याला दुसरं गाढव लागतं. खनिजांची चाटण वीट घेताना मेंढ्यांचीच घे, घोड्या-गाढवांची नको. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस ती उभ्याउभ्या कोसळते. कुंपणाला लागून स्मशानातल्यासारखं गडद हिरवं यूचं झाड असेल तर ते आधी बाहेर काढ. लसीकरण दरवर्षी विचारून घे. नीलजिव्हा रोगाची 2024 मधली साथ इथल्या मेंढपाळांना अजून आठवते.

लेकीबद्दल तू काळजीने लिहिलंयस, की गावात मूल एकटं पडेल का, मराठी विसरेल का. शाळेची काळजी नको. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे, बस दारापर्यंत नसली तरी चौकापर्यंत येते, आणि छोट्या गावात शिक्षिका प्रत्येक मुलाला आईसारखी ओळखते. मराठीचं माझ्या घरात कसं झालं ते सांगते. शाळेत फ्रेंच, टीव्हीवर फ्रेंच, भांडताना दोघं भावंडं फ्रेंच. पण वाघ्याला, आमच्या कुत्र्याला, पहिल्या दिवसापासून मी मराठीत बोलत आले. त्याला 'यू यू' केलं की तो येतो, 'थांब' म्हटलं की थांबतो, 'वळव' म्हटलं की कळपाला वळसा घालतो. फ्रेंचमध्ये त्याला काही कळत नाही. त्यामुळे मुलांना त्याच्याशी मराठीतच बोलावं लागतं, त्यांच्या मित्रांनाही. शेजारचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात लॉतबाहेर फारसा पाय ठेवला नाही, ते आमच्या वाघ्याला खणखणीत 'चल घरी' म्हणतात. जनावरापुढे कुणाला उच्चाराची लाज वाटत नाही. तुझी लेक कोंबड्यांशी दिवसभर काय बोलते ते ऐक, ती भाषा जाणार नाही.

या आजोबांशिवाय आमचं काहीच झालं नसतं, म्हणून शेजाराबद्दल दोन शब्द. घराची चावी हातात आल्यावर सामान उतरवायच्या आधी शेजारी जा. जूनमध्ये गवत कापलं की त्यांना माणसं लागतात. कुणी बोलवायची वाट न बघता जा, गठ्ठे उचला. दिवाळीला किंवा आईच्या आजारपणात भारतात जावं लागेल तेव्हा मेंढ्यांना चारा कोण घालणार, हे तिकीट काढताना आठवून उपयोग नाही. ते उत्तर जूनच्या शेतात तयार होतं. आमच्या चौदा वर्षांत आम्ही चौघं एकत्र भारतात दोनदाच गेलो. एरवी एकजण मागे राहतो. ही किंमत खरी आहे, ती दोघांनी बसून बोलून घ्या.

आणि शिकारीचा मोसम. सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत, शनिवार-रविवारी जास्त. कुत्र्याच्या गळ्यात भडक केशरी पट्टा, लेकीच्या अंगात तसंच जाकीट. हाकारा कुठे आहे ते मेरीत विचारलं की सांगतात.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात दोन ओळींच्या मध्ये आहे ते मला वाचता आलं: तुमच्या दोघांत आत्ताच खटके उडताहेत. उडणारच. तिसरा हिवाळा आमचा सगळ्यात वाईट होता. ताडपत्री, संपलेले पैसे, भिंतीचे पापुद्रे. आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. गवंड्याला कुणी आणला आणि घर कुणी पसंत केलं यावर बोलून बोलून संपलं होतं. मी थोरल्याला मनात सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यात आपण तुलूजला परत जाऊ.

फेब्रुवारीतली रात्र, उणे सहा. आमची पहिली मेंढी, चष्मेवाली, खाली उठबस करत होती. तासभर झाला तरी नुसती एका खुराची टोकं आणि नाक. दुसरा पाय मागे दुमडलेला. डॉक्टरचं मी वर लिहिलंच आहे. काकांनी कंदील धरला, मी हात कोपरापर्यंत साबणाने धुतला. माझा हात लहान म्हणून मी. कळ ओसरली की डोकं हळूच मागे ढकलायचं, बोटांनी गुडघा शोधायचा, खूर तळहातात झाकून पुढे ओढायचा, म्हणजे आतून फाटत नाही. आजीने शेळीला असं करताना मी पाहिलं होतं, आठ-नऊ वर्षांची असताना. बोटांना गुडघा लागत होता आणि निसटत होता. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त दुसऱ्या हाताने माझी पाठ दाबून धरली, मला जोर मिळावा म्हणून. पाय आला. मग सगळं एकदम आलं, पिवळट, गरम, वाफाळतं, आणि हालचाल नाही. मी नाकातोंडातली चिकटी काढली, काकांनी गवताची काडी नाकपुडीत फिरवली. एक शिंक आली. आम्ही दोघंही तिथेच लेंड्यांत बसलो आणि चष्मेवाली आम्हाला ढकलून बाजूला करून कोकराला चाटायला लागली.

सकाळी सहाला पुन्हा चारा घालायचा होता. दोघंही उठलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. घराचं काम रुसलेल्या माणसांना थांबवता येतं, पोतं कोपऱ्यात पडून राहतं. मेंढ्या थांबत नाहीत. रोज सहा वाजता एकाच दारात दोघांना उभं राहावं लागलं आणि एप्रिलपर्यंत आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो होतो. तुलूजचं मी कुणाजवळ काढलंच नाही.

चष्मेवाली अकरा वर्षं जगली. गेल्या नोव्हेंबरात गेली. धाकटीला तिला बदामाच्या झाडाखाली पुरायचं होतं. इथे चाळीस किलोच्या वरचं जनावर पुरता येत नाही. फोन करावा लागतो, गाडी येते आणि घेऊन जाते. हे मुलीला आधी सांगितलेलं नव्हतं, ती आमची चूक. वीस वर्षांची मुलगी गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभी होती. कानातला बिल्लाही ठेवून घेता येत नाही. तिने आदल्या रात्री पाठीवरची थोडी लोकर कापून ठेवली होती, ती झाडाखाली पुरली. तुझ्या लेकीला हे तिच्या वयाला झेपेल तसं आधीच सांग, पहिली मेंढी आणायच्या दिवशीच.

बाकी प्लंबिंग, वायरिंग, चुलीचं धुराडं यावर काका वेगळं लिहिणार आहेत. त्यांनी वहीत चित्रं काढायला घेतलीत.

तुम्ही सह्या करायच्या आधी एकदा इथे येऊन राहा. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धर, सप्टेंबरात मेंढा सोडला होता, म्हणजे त्याच सुमारास चौघी विणतील. नवऱ्यालाही आण, त्याला खालची भिंत दाखवायची आहे. रबरी बूट आमच्याकडे सगळ्या मापांचे आहेत. येताना लेकीचा एखादा जुना, आखूड झालेला लोकरी स्वेटर पिशवीत टाक. कोकराच्या तोंडात बोट घातल्यावर आतून गार लागलं तर आधी ऊब द्यावी लागते आणि मग चीक. पुढचे पाय बाह्यांत घातले की चार वर्षांच्या पोरीचा स्वेटर कोकराला बरोबर बसतो.

तुझी,
काकू